जाताना नळ, येताना फाटक

सिस्टरने क्लबच्या इतिहासाचं पहिलं वाक्य लिहायला घेतलं आणि तिच्या हाताखालचं टेबल अचानक वर उचललं गेलं. 'आमच्या महिला लॉन बोलिंग क्लबची' एवढं लिहून झालं होतं. 'स्थापना' हा शब्द कागद सोडून टेबलावर गेला.

"अहो!"

"एक मिनिट. पाय आखूड आहे," टेबलाखालून नवऱ्याचा आवाज आला.

"कुणाचा?"

"टेबलाचा. इतकी वर्षं आपण तिरक्या टेबलावर जेवतोय, कल्पना आहे का तुला?"

"माझं एकदाही काही सांडलं नाही."

"ते तुझं नशीब," असं म्हणून त्याने पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, बाहेर आला आणि गवंडी वापरतात ती बुडबुड्याची लेव्हल टेबलावर ठेवून समाधानाने बघत बसला.

हा गृहस्थ रस्तेखात्यात इंजिनियर होता. नोकरीत असताना त्याने जे रस्ते बांधले त्यांवरून जाताना लोक एकमेकांच्या अंगावर पडायचे, आणि ते त्याला ठाऊक होतं. त्यामुळे निवृत्त झाल्याबरोबर त्याने उरलेलं आयुष्य जगाला सपाट करण्यात घालवायचं ठरवलं. सुरुवात घरापासून झाली. भिंतीवरचे फोटो सरळ झाले, कपाटं सरळ झाली, न्हाणीघराची फरशी तर इतकी सरळ झाली की पाणी कुठेच जाईना. सिस्टर सगळं सहन करत होती. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात जन्म काढलेल्या बाईला भुलीतून बाहेर येणाऱ्या माणसाची सवय असते. तीही आता निवृत्त झाली होती, पण सगळं गाव तिला अजून सिस्टरच म्हणायचं, आणि घाबरला की नवरासुद्धा.

क्लबला पन्नास वर्षं होत होती आणि सिस्टर क्लबची सेक्रेटरी होती. वार्षिक सामन्याच्या दिवशी क्लबचा छापील इतिहास सगळ्यांच्या हातात पडला पाहिजे, असा ठराव झाला होता. ठराव करणाऱ्या बायका बिस्किटं खाऊन घरी गेल्या आणि इतिहास सिस्टरच्या गळ्यात पडला.

तसा तो इतिहास सांगण्यासारखा होता. पन्नास वर्षांपूर्वी तिथे फक्त पुरुषांचा क्लब होता. पुरुष हिरवळीवर चेंडू सरपटवायचे आणि त्यांच्या बायका व्हरांड्यात बसून चहा ओतायच्या. त्यांच्यात शाळेत ड्रिल शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एका दुपारी त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला, कुणीतरी विसरलेला चेंडू उचलला आणि दिला सोडून. तो थेट तेव्हाच्या अध्यक्षांच्या नडगीवर जाऊन थांबला. अध्यक्ष एका पायावर नाचले आणि मग रागाने म्हणाले, "एवढी हौस आहे तर शेडमागचा तुकडा घ्या आणि तिथे खेळा!"

शेडमागचा तुकडा म्हणजे मोडक्या खुर्च्यांची जागा. पण ड्रिलच्या बाईंनी "घेतला!" म्हणून सगळ्यांसमोर टाळी मागितली. तेव्हा अध्यक्ष सावध झाले आणि त्यांनी अट घातली. वर्षातून एकदा बायकांनी याच तुकड्यावर पुरुषांशी सामना खेळायचा, दोघी विरुद्ध दोघे. ज्या वर्षी हरतील त्या वर्षी तुकडा परत. सगळे पुरुष पोट धरून हसले. पहिल्या वर्षी बायका जिंकल्या तेव्हा ते जरा कमी हसले. दुसऱ्या वर्षी जिंकल्या तेव्हा हसणं थांबलं. त्यानंतर बायका दरवर्षी जिंकत आल्या आणि पुरुष दरवर्षी कारणं देत आले. ऊन डोळ्यांवर होतं, बूट नवे होते, ऐन वेळी कुणीतरी खोकलं. एका वर्षी तर हरण्याचा सगळा दोष एका कावळ्यावर गेला.

या वर्षी मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं. पुरुषांच्या क्लबच्या सभासदांकडे आता गाड्या फार झाल्या होत्या, आणि सध्याचे अध्यक्ष त्या तुकड्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. 'वाहनतळ' असा फलक त्यांनी रंगवूनही घेतला होता आणि तो गोदामात वाळत होता.

बायकांच्या विजयाचं एक शास्त्र होतं. या खेळातला चेंडू एका अंगाला जड असतो. त्यामुळे तो नाकासमोर जात नाही, जाता जाता वळतो. मैदानाच्या टोकाला जॅक नावाचा छोटा पांढरा चेंडू ठेवलेला असतो, आणि आपला चेंडू वळून वळून त्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचा, एवढाच खेळ. आता वळणार म्हणजे नेम थोडा बाजूला धरायला हवा, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण या क्लबातल्या बायका नेम थोडा बाजूला धरत नसत, फार म्हणजे फारच बाजूला धरत. मैदानाच्या एका कडेला पाण्याचा नळ होता आणि त्याच कडेला दुसऱ्या टोकाशी फाटक होतं. ड्रिलच्या बाईंनी पहिल्याच वर्षी नियम घालून दिला होता, जाताना नळ आणि येताना फाटक. जॅककडे बघायचं नाही. जाताना नळाकडे बघून चेंडू सोडायचा आणि परतीच्या डावात फाटकाकडे बघून. चेंडू आपला आपण जॅकपाशी जातो. आणि तो खरोखर जायचा! नव्या सभासद बाईला आधी चहा देत आणि मग नळ दाखवत.

सिस्टरलाही कधीकाळी तो नळ दाखवला होता. ड्रिलच्या बाईंनी तिची हनुवटी धरून मान नळाकडे वळवली होती. पण तिचा जन्म इंजेक्शनं देण्यात गेलेला. जिथे टोचायचं तिथे बघायचं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. चेंडू सोडायच्या क्षणी तिची नजर जॅककडे जायची ती जायचीच. मग चेंडू जॅकच्या शेजारून मुकाट्याने पुढे जाऊन शेडखाली शिरायचा. तिथून तो काढायला क्लबने एक लांब काठी आणली आणि त्या काठीला सगळ्या 'सिस्टरची काठी' म्हणू लागल्या. एके दिवशी सगळ्या फार प्रेमाने तिच्याभोवती जमल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमचं अक्षर किती सुरेख आहे हो!"

तेव्हापासून ती सेक्रेटरी. दुसऱ्यांच्या विजयांची वर्णनं लिहिता लिहिता तिचे केस पांढरे झाले. तिने कधी तक्रार केली नाही. पण दर सामन्याच्या दिवशी, चहाच्या बाकावर बसून लिहिताना, आपणही एकदा त्या हिरवळीवर उभं राहावं आणि दुसऱ्या कुणीतरी आपलं नाव लिहावं, असं तिला वाटायचं. फार वाटायचं. नवऱ्यालाही हे तिने सांगितलं नव्हतं.

इतिहासात मैदानाची लांबी-रुंदी हवी म्हणून तिने नवऱ्याला मोजायला पाठवलं. त्यात तिचा खरा हेतू टेबल थोडा वेळ जागच्या जागी राहावं, हा होता. संध्याकाळी तो परतला तो पांढराफटक पडून.

"अगं, तुमचं मैदान तिरकं आहे."

"हं," सिस्टर म्हणाली. ती ड्रिलच्या बाईंच्या निधनापाशी आली होती आणि तिचे डोळे भरले होते.

"नळाची बाजू वर आणि शेडची बाजू खाली. चांगली चार बोटं उतार आहे! पन्नास वर्षं तुम्ही उतारावर खेळताय आणि एकीच्याही लक्षात आलं नाही? मी सरळ करू का?"

"काय सरळ करायचं ते करा. फक्त मला लिहू द्या."

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईने हे वाक्य इंजिनियर नवऱ्याला कधीही उच्चारू नये. सामन्याच्या सरावाआधी पंधरा दिवस गवताला विश्रांती द्यायची क्लबची पद्धत होती. फाटकाला कुलूप असायचं, आणि त्याची किल्ली सेक्रेटरीच्या घरात खिळ्याला. नवऱ्याने रस्तेखात्यातली आपली जुनी माणसं गोळा केली. त्यांनी हिरवळ सतरंजीसारखी पट्ट्यापट्ट्यांनी गुंडाळून बाजूला ठेवली, खाली माती भरली, ठोकली, रोलर फिरवला आणि हिरवळ पुन्हा पसरली. दोन दिवस पाणी मारलं. काम इतकं सुबक झालं होतं की त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने सपाट म्हणून केलेली गोष्ट खरोखर सपाट झाली होती.

सामन्याला दोन दिवस उरले तेव्हा बायका सरावाला जमल्या. पहिला चेंडू कॅप्टनबाईंचा. कॅप्टनबाई म्हणजे ड्रिलच्या बाईंची मुलगी. आईकडून त्यांना आवाज मिळाला होता, हात मिळाला होता आणि क्लबही. त्यांनी गुडघा वाकवला, नळाकडे पाहिलं आणि चेंडू सोडला. चेंडू नळाच्या दिशेने निघाला, किंचित वळला, आणि नळाच्याच जवळ जाऊन कडेच्या चरीत पडला.

"ओलं असेल गवत," कॅप्टनबाई म्हणाल्या.

दुसरा चेंडू चरीत गेला. तिसराही. मग बेकरीवाली पुढे झाली. ती क्लबातली सगळ्यात तरुण, सगळ्यात रुंद आणि कॅप्टनबाईंची सामन्यातली जोडीदार. तिचा चेंडू नळाच्या तोटीवर टण्णकन आपटला.

"अगं बाई! पन्नास वर्षं नेम धरला, आज लागला!" ती म्हणाली.

सगळ्या मैदानाकडे बघत राहिल्या. आणि मैदानाच्या पलीकडून, हात मागे बांधून, चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचा नव्हे तर थेट वरपित्याचा आनंद घेऊन सिस्टरचा नवरा आला.

"आवडलं? मला वाटलं, सुवर्णमहोत्सवाला आपल्याकडूनही काहीतरी भेट असावी," तो म्हणाला.

त्याने सगळं सविस्तर सांगितलं. चार बोटं उतार, मातीचे थर, रोलरचं वजन. तो बोलत होता आणि एकेका बाईचा चेहरा उतरत होता. पन्नास वर्षांचं शास्त्र हे शास्त्र नसून मातीचा उतार होता, हे कॅप्टनबाईंच्या ध्यानात आलं आणि त्या चहाच्या बाकावर मटकन बसल्या.

"सिस्टर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे तुम्हाला माहीत होतं?"

सिस्टरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मी 'काय सरळ करायचं ते करा' म्हणाले होते. पण मला वाटलं, फोटोच्या चौकटी असतील."

"अहो, मग परत तिरकं करा की!" बेकरीवाली नवऱ्यावर ओरडली.

"दोन दिवसांत? हिरवळ पुन्हा उचलली तर मरेल. आणि मी आयुष्यात मुद्दाम तिरकं असं काही बांधलेलं नाही."

"मुद्दाम नसेल, पण बांधलंय ना भरपूर!" सिस्टर म्हणाली. आवाज तिने वॉर्डातला लावला होता. नवरा "येतो, सिस्टर" म्हणून तिथून जो नाहीसा झाला तो थेट घरी.

दोन दिवसांत सवय मोडायची असं ठरलं. पण पन्नास वर्षांची सवय हातात भिनलेली असते. "नळाकडे बघायचं नाही" असं स्वतःला बजावलं की मान नळाकडेच वळायची. चेंडूमागून चेंडू चरीत जात होते. अंधारून यायला लागलं तशी बेकरीवाली थकून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही टाका एक. काही नाही तर हसू तरी येईल."

सिस्टर बाकावरून उठली. आता बिघडायचं काय शिल्लक होतं? तिने चेंडू घेतला, नेहमीसारखं जॅककडे पाहिलं, वळण्यापुरता थोडासा अंदाज बाजूला धरला आणि चेंडू सोडला. चेंडू निघाला, आपल्या वाटेने वळला आणि जॅकला अगदी खेटून थांबला.

बेकरीवालीने धावत जाऊन चेंडू परत आणला.

"परत," कॅप्टनबाई म्हणाल्या.

परतही तसंच झालं. तिसऱ्यांदाही. इतकी वर्षं शेडखाली गेलेले ते सगळे चेंडू मुळात बरोबर होते, जमीनच चुकीची होती, हे सिस्टरला उमगलं. तिला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

कॅप्टनबाई उठल्या. त्यांना काय वाटत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं आणि ते सोपं नव्हतं. "परवा माझ्याबरोबर सिस्टर खेळतील," त्या म्हणाल्या. "मी कॅप्टन म्हणून उतरायलाच हवं. पण मदार तुमच्यावर."

"मला चालेल! नळाने मला तसंही माफ केलेलं नाही," बेकरीवाली म्हणाली.

सामन्याच्या दिवशी सकाळी सगळं गाव जमलं. पुरुषांकडून अध्यक्ष आणि त्यांचा जावई, जो दातांचा डॉक्टर होता, असे दोघे उतरले. बायकांचा हिशेब सरळ होता. पुरुषांचं स्वतःचं मोठं मैदान सपाट, वर्षभर ते सपाटावर खेळलेले. आज त्यांना रान मोकळं होतं, फक्त ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

पहिला चेंडू अध्यक्षांचा. त्यांनी चष्मा नीट केला, गुडघा वाकवला आणि मान वळवून नळाकडे पाहिलं. चेंडू डौलात निघाला आणि डौलात चरीत पडला.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग दातांचा डॉक्टर आला. त्यानेही नळाकडेच पाहिलं. त्याचाही चेंडू चरीत.

"अगं बाई, यांनी आपला मंत्र चोरला!" बेकरीवाली सिस्टरच्या कानात कुजबुजली.

कॅप्टनबाईंचाही चेंडू चरीत गेला. मग सिस्टर उभी राहिली. समोर जॅक होता आणि बाकी सगळं गाव होतं. तिने मनाशी म्हटलं, दंड एवढासा आहे, शीर नीट दिसतेय, पेशंट घाबरलाय पण आपण घाबरायचं नाही. चेंडू सुटला आणि जॅकपासून वीतभर अंतरावर थांबला. चहाच्या बाकावरून अशी आरोळी उठली की शेडवरची कबुतरं उडाली.

पुढच्या डावांत सिस्टर गुण मिळवत होती, पण कॅप्टनबाईंचा एकही चेंडू धड जात नव्हता. तिकडे अध्यक्ष दातओठ खाऊन, जातीने, प्रत्येक वेळी नळावर नाहीतर फाटकावर नेम धरत होते. डॉक्टर मात्र विचारात पडला होता.

"मामा, मला वाटतं मैदान सपाट आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"गप्प बस! महिनाभर काय शिकवलं तुला? नळ!"

पण डॉक्टरने आता सासऱ्याची नजर चुकवून जॅककडे बघायला सुरुवात केली आणि त्याचे चेंडू जवळ येऊ लागले. पुरुषांचे गुण चढले. कॅप्टनबाई घामाघूम झाल्या.

"सिस्टर, मला तो नळ सोडत नाही. डोळे मिटले तरी दिसतो."

सिस्टरने बाकाकडे पाहून बेकरीवालीला खूण केली. बेकरीवालीने आपली मोठी छत्री उचलली, मैदानाला वळसा घालून गेली आणि छत्री उघडून नळापुढे उभी राहिली. छत्री आणि ती मिळून नळच काय, मागची भिंतही दिसेनाशी झाली.

कॅप्टनबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नेम धरायला काहीच सापडेना तेव्हा त्यांनी नाइलाजाने जॅककडे पाहिलं. चेंडू सुटला आणि जॅकच्या पुढ्यात जाऊन थांबला. सुंदर नव्हता, पण चरीत नव्हता.

"अहो, त्या बाईंना बाजूला व्हायला सांगा!" अध्यक्ष कडाडले.

बाहेरगावाहून आलेले पंच जवळ आले. "का? त्या मैदानाबाहेर आहेत."

"त्यांच्यामुळे नळ दिसत नाही!"

"नळ कशाला हवा? तहान लागलीय का?" पंचांनी काळजीने विचारलं. "पाणी मागवू?"

अध्यक्ष दोन पेले पाणी प्यायले.

शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे गुण सारखे होते. हा डाव फाटकाच्या दिशेचा, त्यामुळे छत्री घेऊन बेकरीवाली धावत फाटकापाशी गेली. अध्यक्षांचा चेंडू त्यामुळे कुठल्या कुठे भरकटला. कॅप्टनबाईंचा बराच मागे राहिला. डॉक्टरने मात्र सगळी अक्कल पणाला लावली आणि त्याचा चेंडू जॅकच्या जवळ, अगदी हातभर अंतरावर जाऊन बसला. आता एकच चेंडू उरला होता, सिस्टरचा. तो डॉक्टरच्या चेंडूपेक्षा जॅकच्या जवळ गेला तर मैदान राहणार होतं, नाहीतर गोदामातला फलक वाळून तयारच होता.

सिस्टरला गर्दीत नवरा दिसला. दोन दिवस घरात त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. तो नखं खात उभा होता. तिला एकाएकी त्याची दया आली. या माणसाने आयुष्यात एकदाच काहीतरी खरंखुरं सपाट केलं होतं आणि त्याबद्दल त्याला एक चांगला शब्दही मिळाला नव्हता. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली, मग जॅककडे पाहिलं आणि चेंडू सोडून दिला.

चेंडू सावकाश निघाला. इतका सावकाश की बाकावर कुणीतरी "अगं जा ना!" म्हणालं. तो वळला, डॉक्टरच्या चेंडूच्या आतून गेला आणि जॅकला टेकला. आवाजसुद्धा झाला नाही. झाला असता तरी ऐकू आला नसता, कारण तोवर सगळा क्लब सिस्टरच्या अंगावर येऊन पडला होता.

"ही फसवणूक आहे!" अध्यक्ष मध्ये घुसले. "पंच, लिहून घ्या! यांनी मैदानात गडबड केली आहे!"

"कसली गडबड?" पंचांनी पेन काढलं.

"यांनी ते..." अध्यक्ष थांबले. सगळं गाव ऐकत होतं. "यांनी ते सपाट केलंय!"

पंचांनी पेन कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. "म्हणजे तक्रार अशी लिहू का, की मैदान नियमाप्रमाणे आहे?"

गाव हसायला लागलं. दातांचा डॉक्टर तर इतका हसला की त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या पेशंटांना त्याचे स्वतःचे दात पहिल्यांदाच दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आणि कॅप्टनबाई इतिहासाचं शेवटचं पान ठरवायला बसल्या होत्या. सामन्यात कोण जिंकणार हे आधी कळेना म्हणून छपाई लांबली होती. इतक्यात दारात अध्यक्ष उभे राहिले. चेहरा पडलेला.

"इंजिनियरसाहेब आहेत का?"

"टेबलाखाली आहेत," सिस्टर म्हणाली. "काय काम होतं?"

अध्यक्ष खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांनी पाणी मागितलं, मग घसा साफ केला. पाऊस पडला की बायकांच्या मैदानावरचं पाणी शेडकडे जमतं, हे त्यांनी गेल्या वर्षी टिपलं होतं. त्यावरून त्यांना उताराचा पत्ता लागला. मग त्यांनी कुणाला न सांगता पुरुषांचं मोठं मैदान खोदून घेतलं आणि त्याला बायकांच्या मैदानासारखाच उतार दिला. महिनाभर त्यावर घाम गाळला.

"म्हणजे आता," कॅप्टनबाई शांतपणे म्हणाल्या, "आमचं मैदान सपाट आणि तुमचं तिरकं?"

"पुढच्या महिन्यात बाहेरगावचे सहा क्लब येणार आहेत," अध्यक्ष जमिनीकडे बघत म्हणाले. "काल यांचं काम बघितलं. असं सपाट मी कुठे पाहिलं नाही."

टेबलाखाली डोकं आपटल्याचा आवाज झाला आणि इंजिनियर बाहेर आला. हे वाक्य ऐकायला तो सगळी नोकरी थांबला होता. तो लगेच "हो" म्हणणार, तेवढ्यात त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला काहीच कळलं नव्हतं असं नाही.

"मी कामं सिस्टरला विचारून घेतो," तो म्हणाला.

सिस्टरने कप खाली ठेवला. "होईल काम. पण ती अट जायला हवी. हरलो तरी मैदान आमचं, कायमचं. सामना दरवर्षी खेळू, पण तो खेळ म्हणून."

"हा दबाव झाला!"

"दबाव कसला? पन्नास वर्षं तो आमच्यावर होता, आम्ही काही म्हणालो का?"

अध्यक्षांनी उरलेलं पाणी संपवलं. मग हसले. माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे फक्त गाड्या जास्त होत्या. "द्या कागद," ते म्हणाले, आणि सही करून इंजिनियरला सोबत घेऊन गेले. दोघे जिना उतरताना रोलरच्या वजनावर बोलत होते.

सिस्टरने इतिहासाचं शेवटचं पान पुढे ओढलं. 'या वर्षीचा सामना', तिने लिहिलं आणि पेन थांबलं. ती खोडत होती, पुन्हा लिहीत होती.

"काय लिहिलंत बघू," कॅप्टनबाईंनी कागद घेतला. "'या वर्षीचा सामना आपल्या क्लबने जिंकला.' एवढंच?"

"मग काय लिहू? स्वतःबद्दल कसं लिहायचं?"

"उठा तिथून," कॅप्टनबाई म्हणाल्या. "मला आता सपाटावर खेळायला नव्याने शिकावं लागणार, त्याला वर्ष तरी जाईल. तोवर सेक्रेटरी मी."

"पण कॅप्टनबाई, तुमचं अक्षर..."

"भयंकर आहे, ठाऊक आहे. छापखानेवाला लावेल अर्थ. तुम्ही जा. तिकडे बेकरीवाली आणि बाकीच्या सगळ्या कधीच्या चेंडू घेऊन उभ्या आहेत, शिकवायला तुम्हीच हव्यात म्हणतात. आणि सिस्टर, त्यांच्यावर ओरडा जरा. माझी आई ओरडायची."

सिस्टरने चपला काढून मैदानावरचे सपाट तळव्यांचे बूट चढवले. दाराशी पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. कॅप्टनबाई टेबलावर ओणव्या होऊन, जीभ दातांत धरून, शाळकरी पोरीसारख्या गिरवून गिरवून सिस्टरचं नाव लिहीत होत्या. ते ओळ सोडून पार वर चढत चाललं होतं. सिस्टरने ते तसंच राहू दिलं आणि ती घाईघाईने जिना उतरली, कारण मैदानावर सगळ्या तिची वाट बघत होत्या.